वसईचा गोन्सालो नेमका कोणता?

समजा, वसईतल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर मोडी लिपीतला एक फाटका कागद सापडला. तारीख उडालेली आहे. 'पेशवे बाजीराव', 'बंधू चिमाजी आप्पा' आणि 'वसई' एवढेच शब्द लागतात. हा कागद कोणत्या काळातला असेल? नववी-दहावीतला कोणताही मुलगा चटकन सांगेल, १७३९. चिमाजी आप्पाने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला तो मे १७३९ मध्ये, आणि त्या वेळी पेशवा होता त्याचा भाऊ बाजीराव.

उत्तर बरोबर असू शकेल, पण तेवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत आणखी एका बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी तह केला. त्या दुसऱ्या बाजीरावालाही एक भाऊ होता आणि त्याचेही नाव चिमाजी आप्पाच होते. १७९६ साली काही महिने तो पेशवेपदावरही बसला होता. म्हणजे नाव, भावाचे नाव, पद आणि गाव या चार गोष्टी जुळूनही माणूस वेगळा निघू शकतो. हा योगायोग म्हणावा, तर तसाही नाही. दुसरा बाजीराव हा पहिल्या बाजीरावाचा नातू. आजोबाचे नाव नातवाला ठेवले आणि चुलत आजोबाचे धाकट्या नातवाला. आपल्याकडे घरोघरी हीच रीत आहे. या दोन जोड्या वेगळ्या करायच्या तर वडिलांचे नाव पाहावे लागते. पहिला बाजीराव बल्लाळ, म्हणजे बाळाजीचा मुलगा. दुसरा बाजीराव रघुनाथ.

पेशव्यांच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण त्यांचे कागद ढिगाने आहेत. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचेच गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले ४५ खंड आहेत. पण ज्याच्यामागे दफ्तर नाही, ज्याचे नाव गल्लीत हाक मारली तर चौघे वळून पाहतील असे आहे, असा पूर्वज कसा शोधायचा? वसईनेच याचे एक उत्तम उदाहरण ठेवले आहे. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया.

ओळख पटते ती शेवटाकडून

वसई-विरार भागात हे नाव कोणाला सांगावे लागत नाही. वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे, गास गावात चर्च आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा प्रापंचिक माणसे होती. सहा फ्रान्सिस्कनांपैकी चार स्पेनचे आणि एक मेक्सिकोचा. सहावा वसईचा गोन्सालो. त्याला उत्तम जपानी येत असे. जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे १५९३ साली मनिलाहून फ्रान्सिस्कन वकील गेले तेव्हा दुभाष्या म्हणून तोच बोलला होता. १६२७ साली त्याला धन्यवादित आणि ८ जून १८६२ रोजी संत म्हणून घोषित करण्यात आले.

शेवट इतका स्पष्ट, दिवस आणि जागा ठरलेली. पण उलट दिशेने, म्हणजे नागासाकीहून वसईकडे, चालायला लागले की पाऊलवाट पुसट होत जाते. पूर्वज शोधणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव असाच असतो. मृत्यूची नोंद मिळते, लग्नाची कष्टाने मिळते आणि जन्माशी येऊन गाडी अडते.

पहिली अडचण नावाची. पोर्तुगीज कागदांत तो 'गोंसालू', स्पॅनिश कागदांत 'गोन्झालो' आणि लॅटिनमध्ये 'गुन्दिसाल्वुस'. मराठीत आपण 'गोन्सालो' लिहितो, कोणी 'गोन्सालू' लिहितो. ही सर्व एकाच नावाची रूपे आहेत, हे माहीत नसेल तर सूचीत अर्ध्या नोंदी हातून निसटतील. हेच नाव आडनावाच्या रूपातही भेटते. 'गोन्साल्विस' म्हणजे मुळात गोन्सालोचा मुलगा, 'रॉड्रिग्ज' म्हणजे रोद्रिगोचा आणि 'लोपीस' म्हणजे लोपोचा. आज वसईत गोन्साल्विस आडनावाची कितीतरी घरे आहेत. त्यांचा या गोन्सालोशी संबंध लावणे म्हणजे सगळ्या रामदासींना रामाचे वंशज ठरवण्यासारखे होईल.

दुसरी अडचण नावे इतरांचीही तीच असण्याची. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज माणसांत वापरातली नावे थोडीच होती आणि तीच फिरून फिरून येत. १५५८ साली वसईहून पत्रे लिहिणारा एक जेझुइट होता गोंसालो रोद्रिगेस. जेझुइटांचा प्रांतप्रमुख होऊन १५५६ साली भारतात आलेला आणि पुढे आफ्रिकेत मारला गेलेला गोंसालो दा सिल्व्हेरा हा आणखी एक. त्यालाही हुतात्मा म्हणतात, म्हणून घोटाळा अधिकच. 'गार्सिया' तर आडनावही असू शकते आणि पाळण्यातले नावही. ज्याच्याकडे मुंबई बेट खंडाने होते तो वैद्य गार्सिया द ओर्ता. त्याचे गार्सिया हे पहिले नाव. १५४८-४९ मध्ये गव्हर्नर असलेल्या गार्सिया द सा याचेही तसेच. म्हणजे जुन्या कागदात नुसते 'गार्सिया' दिसले तर तो शब्द नावाच्या कोणत्या घरात बसतो हे आधी ठरवायला हवे.

सर्वांत गमतीदार जोडी मात्र वेगळीच आहे. गोन्सालो पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १५७२ च्या सुमारास, त्याला जपानला नेणारा जेझुइट होता सेबास्तियांव गोन्साल्विस. आणि जेझुइटांच्या भारतातील कार्याचा इतिहास गोव्यात बसून लिहिणारा, १६१४ साली तो ग्रंथ हातावेगळा करणारा जेझुइटही सेबास्तियांव गोन्साल्विसच! संघ एक, नाव एक, प्रदेशही बराचसा एक. पण हा इतिहासकार भारतात आला तो सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. त्याने १५७२ साली वसईच्या मुलाला जपानला नेणे शक्यच नाही. इथे निवाडा केला तो तारखेने. दोघांना एक समजून चाललो असतो, तर 'गोन्सालोला नेणाऱ्या माणसाने स्वतः लिहिलेला इतिहास' असा एक भक्कम साक्षीदार आपल्याला फुकटात मिळाला असता. अशा फुकटच्या साक्षीदारांपासून जपावे.

गावाचे नावही निर्दोष नाही. पोर्तुगीज 'बासाईं' म्हणजे तटबंदीतले शहर, आणि त्या शहरातून ज्याचा कारभार चाले तो सगळा मुलूखही. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली तेव्हा तिच्याबरोबर साष्टी, मुंबई वगैरे भागही गेला. तेव्हा परदेशात कोणी 'मी बासाईंचा' असे म्हणाला तर तो किल्ल्यातला, आगाशीचा, की खाडीपलीकडचा, हे त्या शब्दावरून ठरत नाही. आज वसई-विरारचा माणूस परगावी सरसकट 'मी मुंबईचा' म्हणतो, तसेच हे. गोन्सालोच्या बाबतीत काही लेखनात आगाशीचे नाव येते ते याच संदर्भात वाचायला हवे. इंग्रजी कागदांत तर आणखी एक चकवा आहे. वसईला इंग्रज 'बेसिन' म्हणत आणि ब्रह्मदेशातल्या पाथेन शहरालाही तेच नाव, त्याच स्पेलिंगने लिहीत. इंग्रजी दप्तरातल्या सूचीत 'बेसिन' शोधणाऱ्याने आधी नकाशा पाहावा.

जन्माची नोंद का नाही?

चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वही असतेच, मग तीच उघडून का पाहू नये? कारण ती वही गोन्सालोपेक्षा वयाने लहान आहे. कॅथलिक जगात प्रत्येक धर्मग्रामाने विवाहांची आणि बाप्तिस्म्यांची नोंदवही ठेवावी, असा नियम घालून दिला तो ट्रेन्टच्या धर्मसभेने, १५६३ मध्ये. त्याआधी काही ठिकाणी वह्या होत्या, पण सक्ती नव्हती. हे निर्णय आपल्याकडे अमलात आणण्यासाठी गोव्यात पहिली प्रांतीय धर्मसभा भरली १५६७ साली. गोन्सालो तेव्हा दहा वर्षांचा असेल. त्याच्या जन्माचे '१५५६ किंवा १५५७' हे साल कोणत्याही वहीत पाहून लिहिलेले नाही. मृत्यूच्या वेळी तो सुमारे चाळीस वर्षांचा होता, या माहितीवरून ते वजाबाकीने काढलेले आहे. वजाबाकीतून आलेले साल आणि नोंदीतून आलेले साल छापताना सारखेच दिसतात, ही छपाईची मोठीच खोड आहे. विद्यार्थ्यांना दोन्हींतला फरक निदान पेन्सिलीने खूण करून तरी दाखवावा.

जन्माची वही नसेल तर दुसरे कागद पाहावेत. १५५४ साली, म्हणजे गोन्सालोच्या जन्माच्या दोन-तीन वर्षे आधी, सिमांव बोतेल्यो या पोर्तुगीज अधिकाऱ्याने भारतातल्या सर्व पोर्तुगीज ठाण्यांच्या उत्पन्नाचे दप्तर तयार केले. त्याला 'तोंबो' म्हणतात. ते १८६८ साली लिस्बनला छापले गेले. वसईच्या मुलखातली गावे, त्यांचा महसूल, गावे कोणाकडे दिली, हे त्यात आहे. गोन्सालोच्या जगाचे इतके जवळचे चित्र दुसरे नाही. पण महसुलाच्या वहीला कोण देणेकरी हे कळते. कोणाच्या घरी कोण जन्मले, हा तिचा विषय नव्हे. साधा शिपाईगडी आणि गावातली एक स्त्री तिच्यात येण्याचे कारण नाही.

मग त्याच्या आईवडिलांविषयी आपल्याला कळते तरी कशावरून? ज्यांनी त्याला पाहिले होते किंवा त्याच्या संघातल्या लोकांकडून ऐकले होते, अशांच्या लेखनावरून. जपानमध्ये त्याच्याबरोबर राहिलेला फ्रान्सिस्कन मार्सेलो दे रिबादेनेइरा याचा ग्रंथ १६०१ साली बार्सेलोनात छापला गेला. लुईस फ्रॉइश या जेझुइटाने तर घटनेनंतर दीड महिन्याच्या आत, मार्च १५९७ मध्ये, हकीकत लिहून काढली. फ्रान्सिस्कन परंपरेचे म्हणणे असे की वडील पोर्तुगीज, आई त्याच भूमीतली. पोर्तुगीज लेखनात आईसाठी 'कानारी' हा शब्द येतो.

इथे एक शंका घेता येते आणि ती घ्यायलाच हवी. वसईत पोर्तुगीज नाव म्हणजे पोर्तुगीज बाप असे समीकरण मांडता येत नाही. बाप्तिस्मा घेणाऱ्या स्थानिक माणसाला नवे नाव मिळे आणि आडनाव पुष्कळदा धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे मिळे. एकाच दिवशी बाप्तिस्मा झालेल्या, एकमेकांशी रक्ताचे काही नाते नसलेल्या कुटुंबांची आडनावे त्यामुळे सारखी झाली, आणि दोन सख्ख्या भावांची वेगळीही झाली असतील. खुद्द पोर्तुगालमध्येही तेव्हा आडनावे पक्की नव्हती. मूल आईचे, आजीचे, कोणाचेही आडनाव लावू शके. तेव्हा 'गार्सिया' या आडनावाला साक्षीदार म्हणून शून्य किंमत आहे. वडील पोर्तुगीज होते हे मानायचे ते आडनावावरून मानू नये. सोबत्यांनी तसे लिहून ठेवले, म्हणून मानावे. निष्कर्ष एकच राहतो, पण आधार बदलतो. आणि उद्या नवा कागद सापडला तर काय बदलायचे हे आधारावरूनच कळते.

'कानारी' हा शब्दही जपून वाचायला हवा. गोव्यात जन्मलेले भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांचा पोर्तुगीज-आशियाई शब्दांचा कोश १९१९ आणि १९२१ मध्ये दोन खंडांत निघाला. त्यात या शब्दाची हकीकत आहे. मुळात तो कानडा मुलखातल्या लोकांसाठी; पोर्तुगीजांनी तो चुकीने गोव्याच्या लोकांना लावला आणि मग तो एतद्देशीय या अर्थाने सैल होत गेला. त्यावरून गोन्सालोची आई कर्नाटकातून आली असे कोणी म्हणेल, तर ते शब्दाला फशी पडणे होय. ती सामवेदी होती की वाडवळ, कोळी होती की आणखी कोणी, हेही त्या शब्दातून निघत नाही. लिहिणाऱ्याला तो भेद करायचाच नव्हता. त्याच्या लेखी ती 'इथली' होती, एवढे पुरे होते. आणि आज वसईत नेमका त्याच प्रश्नाला सर्वांत जास्त वजन आहे.

रेसिफेतला वाद

हा प्रश्न फक्त वसईचाच राहिला असे मात्र नाही. १७४५ साली, म्हणजे वसई मराठ्यांनी घेतल्यावर सहा वर्षांनी, ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात गोन्सालो गार्सियाच्या वंशाची जाहीर छाननी झाली. तिथल्या 'पार्दो' लोकांनी, म्हणजे गोरे आणि काळे अशा मिश्र वंशाच्या लोकांनी, त्याला आपला संत म्हणून पुढे आणले आणि मोठा उत्सव केला. गुलामगिरीच्या त्या समाजात रंगावरून माणसाची पायरी ठरत असे. मिश्र रक्ताचा माणूस वेदीवर बसू शकतो, हे सांगायला त्यांना एक नाव हवे होते. समोरून आक्षेप येणारच होता: हा खरोखर तुमच्या रंगाचा होता कशावरून?

त्या उत्सवात फ्रान्सिस्कन इतिहासकार आंतोनियो दे सांता मारिया जाबोआतांव याने प्रवचन दिले. ते १७५१ साली लिस्बनला छापले गेले. त्याच्या लांबलचक मथळ्यातच हे प्रवचन ऐतिहासिक, भौगोलिक आणि वंशावळीविषयक असल्याचे म्हटले आहे. पिता पोर्तुगीज, माता भारतातली आणि सावळ्या लोकांपैकी, म्हणून पुत्र पार्दो, असा त्याचा युक्तिवाद. वसईतल्या एका अनामिक बाईच्या वर्णावर अटलांटिकपलीकडे जाहीर प्रवचन झाले, आणि त्यावर हजारो माणसांची मान ताठ होणे अवलंबून होते!

नावाचा घोटाळा तिथेही होता. पोर्तुगीज जगात 'संत गोन्सालो' म्हटले की लोकांना आठवतो तो तेराव्या शतकातला आमारांतेचा गोन्सालो. रिओजवळचे सांव गोन्सालो शहर त्याच्याच नावाचे आहे. दोघांना वेगळे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे सणाची तारीख. आमारांतेवाल्याचा सण १० जानेवारीला, वसईवाल्याचा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात.

आम्हाला जाबोआतांवचा युक्तिवाद आजच्या कसोटीवर टिकणारा वाटत नाही. पण त्याच्या श्रोत्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. पूर्वज शोधणारा मनुष्य पुष्कळदा स्वतःच्या आजच्या गरजेसाठी शोधत असतो. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द किती घरांचे भवितव्य बदलू शकतो, हे आपण पाहिलेच. वर्षानुवर्षे कोणी न विचारलेल्या मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. गरज असणे हा दोष नाही. मात्र अशा वेळी 'हाच तो' असे वाटण्याची घाई होते, म्हणून पुरावा मोजण्याची रीत हाताशी असावी.

एक आंतोन शोधायचा आहे

आता संतांना बाजूला ठेवू आणि साध्या घरातला पूर्वज घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, आकडेही हिशेबापुरते घेतले आहेत. एका कुटुंबाला त्यांचा खापरपणजोबा आंतोन शोधायचा आहे. आडनाव डिमेलो. त्या पिढीत धर्मग्रामात १२०० पुरुष होते असे धरू. दर दहात एकाचे नाव आंतोन असेल तर १२० आंतोन झाले. दर आठांत एकाचे आडनाव डिमेलो असेल तर त्यांतले १५ उरले. वडिलांचे नाव पेद्रू, आणि तेही दहात एकाचे असेल, तर दीड उरतो. धर्मग्रामात सारख्या वस्तीची सहा गावे असतील आणि गाव कळले, तर हा आकडा पावावर येतो. याचा अर्थ असा की सर्व खुणा जुळणारा माणूस सापडला, तर तो भलताच असण्याची शक्यता आता कमी आहे. पण संपलेली नाही.

हे गणित शाळेत फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. मात्र त्यात एक लबाडी लपलेली आहे, तीही दाखवावी. आपण सरळ गुणाकार केला, म्हणजे नाव, आडनाव, बापाचे नाव आणि गाव या गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरले. प्रत्यक्षात त्या अवलंबून असतात. एका आडनावाची घरे एकाच आळीत असतात. आजोबाचे नाव नातवाला ठेवले जाते. त्यामुळे आंतोनचा मुलगा पेद्रू, पेद्रूचा आंतोन, त्याचा पुन्हा पेद्रू अशी माळ लागते, आणि 'आंतोन पेद्रू डिमेलो' त्याच गावात दर साठ वर्षांनी पुन्हा अवतरतो. गोंधळ होण्याची भीती परक्यापेक्षा घरच्याच माणसाशी जास्त. दोन बाजीरावांचे तेच झाले होते. पूर्वीच्या काळी मूल दगावले तर पुढच्या मुलाला पुष्कळदा तेच नाव ठेवत, हा आणखी एक चकवा. बाप्तिस्म्याच्या वहीत आंतोन सापडला म्हणून आनंद करण्यापूर्वी पुढच्या चार-पाच वर्षांची दफनाची वही चाळावी. तो आंतोन पाळण्यातच गेला असेल, आणि आपण ज्याचे वंशज तो त्याचा धाकटा भाऊ असेल.

हेच काम पुढे यंत्रांकडे आले. एकाच माणसाच्या निरनिराळ्या नोंदी जोडण्याच्या कामाला 'नोंद-जोडणी' या अर्थाचे इंग्रजी नाव हॅल्बर्ट डन याने १९४६ साली दिले. कॅनडात चॉक रिव्हरच्या अणुऊर्जा केंद्रातला हॉवर्ड न्यूकोम आनुवंशिक रोगांचा अभ्यास करत होता. त्यासाठी त्याला ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले जन्म आणि विवाह यांच्या नोंदी जोडायच्या होत्या. १९५९ साली त्याने हे काम संगणकाकडून करवून दाखवले. स्पेलिंगच्या घोटाळ्यावर उपाय म्हणून त्याने उच्चारावरून नावाला संकेतांक देण्याची जुनी युक्ती वापरली. १९६९ साली फेलेगी आणि संटर या दोघांनी त्याला पक्के गणिती रूप दिले. त्यातली मध्यवर्ती कल्पना वसईचा कोणताही जुना कारकून सांगू शकला असता: दुर्मिळ नाव जुळले तर त्याला जास्त गुण द्यावेत, 'आंतोन' जुळले तर थोडेच, आणि न जुळणाऱ्या गोष्टीचे गुण वजा करावेत.

उच्चारावरून जोडण्याची गरज आपल्याकडे तर फारच. घरात ज्याला पेद्रू म्हणत तो वहीत पेद्रो. बस्त्याव वहीत सेबास्तियांव. दुमिंग वहीत दोमिंगोस. आणि हीच माणसे इंग्रजी अमदानीत पीटर, सेबॅस्टियन आणि डॉमिनिक होऊन बसली. तलाठ्याने मोडीत किंवा बाळबोधीत लिहिले ते कानाला लागले तसे.

कागद शोधताना सरकारी हद्दीही लक्षात ठेवाव्यात. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी आणि वसई-विरार महानगरपालिका २००९ साली. त्यापूर्वीचे कागद ठाणे जिल्ह्याच्या, जुन्या नगरपरिषदांच्या आणि ग्रामपंचायतींच्या नावाने लावलेले असतात. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक. जमिनीसाठी फेरफार, आणि फेरफारच्या नोंदीला वारसाचे नाते सांगण्याची चांगली सवय असते: अमका मयत, वारस मुलगे अमके, विधवा अमकी. बाप्तिस्म्याच्या वहीत धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे असतात ती बहुतेक लोक वाचतच नाहीत. वास्तविक, दोन आंतोनांतला आपला कोणता हे पुष्कळदा तीच ठरवतात, कारण धर्ममाता बहुधा मावशी किंवा आत्या असते आणि तिच्यावरून आईचे माहेर सापडते. मृत्यूच्या नोंदीतले वय मात्र हातचे राखून घ्यावे. साठ, पासष्ट, सत्तर अशी शून्यात आणि पाचात संपणारी वये फार दिसतात. ती सांगणाऱ्याने अंदाजाने सांगितलेली असतात.

आणि शाळेचे जनरल रजिस्टर. कपाटाच्या खालच्या खणात वाळवीच्या भीतीने कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेले ते जाड पुस्तक म्हणजे गावाच्या वंशावळीचा मोठा भाग आहे. नाव, वडिलांचे नाव, जन्मस्थळ, आधीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण, सगळे एका ओळीत. त्यातही अर्थात चकवे आहेतच. १ जून ही जन्मतारीख असलेली इतकी मुले महाराष्ट्रात खरोखर जन्मली असतील, तर निसर्गाचा काही वेगळाच नियम शोधावा लागेल! जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, आईला तारीख आठवत नसायची आणि गुरुजी वय पुरे होईल असा आकडा मांडून मोकळे व्हायचे. एका घराच्या तीन पिढ्यांच्या ओळी उतरवून घ्या, असे काम मोठ्या मुलांना द्यायला हरकत नाही. मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, आणि जातीच्या रकान्यातली माहिती वर्गात वाचून दाखवू नये. उतरवताना नोंद जशी आहे तशीच घ्यायची, स्पेलिंगसह. 'पेद्रू'चा 'पीटर' करायचा असेल तर तो शेजारच्या रकान्यात, आणि ज्या ओळीला दोन माणसे लागू पडतात तिच्यासमोर दोन्ही नावे लिहून ठेवायची.